विश्लेषण : शाळेच्या कारभारात पालकांचा हक्क किती? पनवेलकरांना कायद्याने काय दिले आहे?

शाळेचे छत गळते, गणिताचे शिक्षक वर्षभर नाहीत, पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही. अशा वेळी पालक कोणाकडे जातो? नगरसेवकाकडे, ओळखीच्या पुढाऱ्याकडे किंवा थेट खासगी शाळेच्या प्रवेश खिडकीवर. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत पालकांचे बहुमत असलेली एक समिती कायद्याने बसवलेली आहे, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. त्या समितीचे अधिकार कोणते, पनवेलसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या शहरात तिची अडचण काय आणि ती चालवायची तर सुरुवात कोठून करायची, याचा हा आढावा.

ही समिती नेमकी काय आहे?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशभर लागू झाला. या कायद्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य त्याच शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे, असेही कायदा सांगतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत या समितीची भूमिका सल्ल्यापुरती आहे. ही दुरुस्ती २०१२ मध्ये झाली.

महाराष्ट्रात जून २०१० च्या शासन निर्णयाने समितीची रचना ठरली. त्यानुसार १२ ते १६ सदस्य असतात. पालक सदस्य पालकांच्या सभेतून निवडायचे असतात. उरलेल्या जागांवर लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ येतात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, तर मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे कायद्याच्या लेखी खुर्ची पालकाची आणि दप्तर मुख्याध्यापकांचे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे उलटे होते, आणि निम्मा प्रश्न तिथेच आहे.

समितीची कामे कोणती?

कलम २१ मध्ये तीन मुख्य कामे दिली आहेत. पहिले, शाळेच्या कामकाजावर देखरेख. दुसरे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे. तिसरे, सरकार, स्थानिक प्राधिकरण किंवा अन्य मार्गाने आलेल्या पैशाच्या वापरावर लक्ष ठेवणे.

यातले दुसरे काम सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात मोलाचे आहे. पुढील वर्षांत किती मुले येतील, किती शिक्षक लागतील, किती वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे हवीत, त्याला खर्च किती येईल, हे सारे आराखड्यात मांडायचे असते. कलम २२ सांगते की सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना आणि अनुदाने या आराखड्याच्या आधारावरच ठरावीत. एखाद्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल आणि ते आराखड्यात लिहिलेलेच नसेल, तर ती गरज अधिकृतपणे अस्तित्वातच नाही. मागच्या शाळेचा आराखडा समोर ठेवून नाव आणि पटसंख्या बदलली, की गरजही नकलून येते.

पैशाचेही तसेच. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. १०१ ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये, तर २५१ ते १००० मुलांच्या शाळेला ७५ हजार रुपये असा निकष आहे. रक्कम मोठी नाही. मात्र वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता यांचा भार तिच्यावर असतो, आणि किती आले, कधी आले, कशावर गेले हे विचारण्याचा हक्क समितीला आहे.

पनवेलमधील पेच काय?

पनवेलच्या नगर परिषदेचा इतिहास १८५२ पर्यंत मागे जातो. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती महापालिका झाली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महापालिका. जुन्या शहराबरोबर खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे असा सिडकोने वसवलेला भाग आणि नावडे, रोडपाली, पेंधर यांसारखी एकूण २९ गावे तिच्यात आली. गावे एका रात्रीत शहरात आली, पण त्या गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळा त्याच वेळी महापालिकेच्या झाल्या नाहीत. शाळांच्या हस्तांतरणाचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळला. इमारत कोणाची, शिक्षकांचा पगार कोण देणार, दुरुस्ती कोणी करायची, यावर दोन कार्यालयांमध्ये कागद फिरत राहिले.

समितीच्या दृष्टीने हा पेच गंभीर आहे. शिक्षण हक्क कायद्यात 'स्थानिक प्राधिकरण' हा शब्द जागोजागी येतो. आराखडा त्याच्याकडे द्यायचा, तक्रार त्याच्याकडे करायची, उत्तर त्याने द्यायचे. पण रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती महापालिकेची आणि शाळा अलिबागच्या जिल्हा परिषदेची असेल, तर पालकांनी दार कोणाचे ठोठवायचे? त्यात २०२२ मध्ये महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कारभार प्रशासकाच्या हाती गेला. समितीत लोकप्रतिनिधीसाठी ठेवलेली खुर्ची त्या काळात भरायची कोणी, हाही प्रश्नच होता.

महापालिकेच्या हद्दीबाहेरचा तालुका आणखी वेगळा आहे. मालडुंगे, धोदाणी या माथेरानच्या पायथ्याच्या भागात ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ज्यांच्या मुलांचे शिक्षण सर्वाधिक धोक्यात, तेच पालक शाळेच्या वर्षातील निम्मा काळ गावात नसतात. कायदा त्यांना प्रमाणात प्रतिनिधित्व देतो, पण बैठक जानेवारीत ठेवली तर ते प्रतिनिधित्व रिकाम्या खुर्चीइतकेच उरते.

समित्या कागदावर का राहतात?

पहिले कारण वेळेचे आहे. बैठक दुपारी शाळेच्या वेळात ठेवली जाते. एमआयडीसीत पाळीवर जाणारा, नाक्यावर मजुरीसाठी उभा राहणारा किंवा घरकामासाठी दोन-तीन सोसायट्या फिरणारी आई त्या वेळी येऊ शकत नाही. आले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग इतिवृत्ताची वही सोयीनुसार घरोघर फिरते आणि सह्या होतात.

दुसरे कारण भाषेचे आणि धाकाचे. अनुदान, निर्लेखन, संचमान्यता, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द शिकलेल्या माणसालाही अडखळवतात. स्वतः चौथी शिकलेला पालक मुख्याध्यापकांसमोर 'याचा अर्थ काय?' असे विचारायला कचरतो. आपल्या प्रश्नाचा राग मुलावर निघेल, ही भीती वेगळीच.

तिसरे कारण असे की समितीचे अधिकार देखरेखीचे आहेत, निर्णयाचे कमी. शिक्षकांची बदली, रिक्त पद भरणे, नवी इमारत, यांतले काहीच समितीच्या हातात नाही. चार ठराव करूनही शिक्षक मिळत नसेल, तर पाचव्या बैठकीला कोण येईल?

माहिती दिली की पालक पुढे येतात का?

'लोकांना जागृत करा, बाकी आपोआप होईल' असे भाषणांत सांगितले जाते. हे तपासून पाहिले गेले आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २८० गावांमध्ये अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' या संस्थेबरोबर एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा तिथे ग्राम शिक्षण समित्या होत्या. अनेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हते. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता.

काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले गेले. काही गावांत त्याशिवाय गावकऱ्यांनीच मुलांचे वाचन तपासून गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. दोन्हीकडे समितीचे काम, शिक्षकांची उपस्थिती आणि मुलांचे वाचन यांत दखल घ्यावा असा फरक पडला नाही. काही गावांत मात्र आणखी एक पाऊल टाकले गेले. गावातील तरुणांना मुलांना वाचायला कसे शिकवायचे याचे छोटे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी शाळेबाहेर वाचन वर्ग चालवले. त्या वर्गांना आलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले.

यातून 'लोकांना पडलेलेच नाही' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ज्या व्यवस्थेवर आपला काही जोर चालत नाही तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा, हाताने करता येईल असे काम मिळाले तेव्हा लोक पुढे आले, हा त्याचा अर्थ आहे.

मग देखरेख उपयोगी कुठे ठरते?

आफ्रिकेतील युगांडाचे उदाहरण शिक्षणाच्या अभ्यासात नेहमी दिले जाते. १९९१ ते १९९५ या काळात सरकारने शाळांसाठी पाठवलेल्या अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचत होती. हे उघड झाल्यावर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांनाही आलेली रक्कम फलकावर लावायला सांगितली. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. त्यात इतर प्रशासकीय सुधारणांचाही वाटा होता. तरीही जौनपूर आणि युगांडा यांतला फरक बोलका आहे. 'तुमच्या शाळेवर लक्ष ठेवा' हे सांगणे मोघम आहे. 'तुमच्या शाळेच्या नावे इतके रुपये निघाले, पोहोचले का?' हा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर फलकावर दिसते.

महाराष्ट्रातही अशा कामाच्या खुणा आहेत. शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या मातांचे गट करून त्यांना घरी करून घ्यायच्या छोट्या कृती दिल्या गेल्या. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये 'टी ४ एज्युकेशन'च्या जागतिक पुरस्कारासाठी लोकसहभागाच्या गटात पहिल्या दहा शाळांमध्ये निवडली गेली. साधी सरकारी शाळाही गावाच्या साथीने कुठवर जाऊ शकते, याचा हा दाखला. मात्र एका असामान्य शिक्षकावर उभी राहिलेली शाळा हे धोरण होऊ शकत नाही. सर्वसाधारण शिक्षक आणि सर्वसाधारण पालक असलेल्या शाळेत काय चालेल, हा खरा प्रश्न आहे.

खासगी शाळांतील पालकांचे काय?

खारघर, कामोठे, नवीन पनवेल येथील अनेक मुले विनाअनुदानित शाळांत जातात. तिथे शाळा व्यवस्थापन समितीची सक्ती नाही. तिथल्या पालकांचे साधन म्हणजे पालक-शिक्षक संघ. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हा संघ स्थापन झाला पाहिजे. त्याच्या कार्यकारी समितीतील पालक सोडत काढून निवडायचे असतात आणि सदस्यांची यादी फलकावर लावायची असते. शुल्कवाढीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने या समितीपुढे सहा महिने आधी ठेवायचा असतो. सोडत ऐवजी 'आम्ही नावे ठरवली आहेत' असा निरोप व्हॉट्सॲपवर आला, तर तो कायद्याला धरून नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

देखरेख म्हणजे शिक्षकांवर पहारा का?

शिक्षकांची ही शंका रास्त आहे. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणूक कामे यांनी ते आधीच वैतागलेले असतात. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावता येत नाही. पालकांची समिती जागी असेल तर हे कलम मोडल्यावर शिक्षकाच्या बाजूने ठराव करणारी तीच पहिली असू शकते. शिक्षकाने लिहिलेले पत्र खात्यात 'गाऱ्हाणे' ठरते. तेच पत्र १२ पालकांच्या सहीने गेले तर ती मागणी होते.

कायदा शिक्षकांनाही बांधतो. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झाले पाहिजे. पण मोजणी केवळ हजेरीची होऊ नये. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ च्या तुलनेत हा आकडा सुधारलेला आहे, तरी निम्म्याहून अधिक मुले मागे आहेत. मूल वाचते का, हे निरक्षर आईलाही कळते. पुस्तक पुढे ठेवले आणि ते अडखळले, की झाली तपासणी. मात्र ती घरात किंवा वर्गात, प्रेमाने व्हावी. चारचौघांत मुलाची परीक्षा घेऊन त्याला लाजवणे म्हणजे देखरेख नव्हे.

पालकाने सुरुवात कोठून करावी?

शाळेत जाऊन तीन कागद मागावेत. समितीच्या सदस्यांची यादी, मागील तीन बैठकांचे इतिवृत्त आणि चालू वर्षाचा शाळा विकास आराखडा. हे तिन्ही मिळाले तर समिती जिवंत आहे. टाळाटाळ झाली तर काय करायचे ते कळले. शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकावरून पटसंख्या, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहे यांची शाळेनेच भरलेली माहिती मोबाइलवर पाहता येते. ती प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. कागदावर चालू असलेला नळ शाळेत कोरडा असेल तर ते बैठकीत नोंदवून घ्यावे. पोषण आहाराची चव आठवड्यातून एकदा एका पालकाने घ्यावी आणि चव नोंदवहीत खरे तेच लिहावे.

एवढे करूनही दाद लागली नाही तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत तिचा निर्णय व्हायला हवा. तोंडी तक्रारीला तारीख नसते. पोचपावती घेतलेल्या कागदाला असते.

पुढे काय व्हायला हवे?

पालकांवर सगळे ढकलून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. पनवेलपुरते बोलायचे तर तीन गोष्टी फार खर्चाशिवाय होऊ शकतात. एक, प्रत्येक शाळेच्या दारावर ठळक अक्षरांत लिहावे : ही शाळा कोणत्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे, तक्रार कोणत्या कार्यालयात द्यायची, समितीचे अध्यक्ष कोण आणि यंदा किती अनुदान आले. दोन, बैठका रविवारी किंवा संध्याकाळी आणि आदिवासी वाड्यांत स्थलांतराआधी व परतल्यावर घ्याव्यात. तीन, समितीच्या प्रत्येक ठरावाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे, मग ते नकाराचे असले तरी चालेल. 'निधी नाही' असे लेखी आले तर पालकांना पुढचे दार कळते. मौनाने फक्त बैठक ओस पडते.

सिडकोच्या भूसंपादनात या भागातील गावांनी जमिनी दिल्या, आता विमानतळासाठी काही गावे जागेवरून उठली. त्या गावांतील आणि इथे पोटासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी सरकारी शाळा हीच अनेकदा एकमेव शिडी आहे. ती मजबूत आहे का, हे वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा रोज दारात मूल सोडणाऱ्या आईला अधिक चांगले कळते. कायद्याने तिला खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हे आता प्रशासनाचे काम आहे.